घरामागे रान आहे. वणव्याची तयारी नेमकी कशाची करायची?

रानकाठ (धागाकर्ता)

आमची वसाहत संपते तिथे रान सुरू होतं. मधे गुडघाभर गवत आणि एक वाकलेलं तारेचं कुंपण, बस. घर घेताना याचंच कौतुक होतं: मागे कधी बांधकाम होणार नाही, खिडकी उघडली की झाडंच झाडं.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री समोरच्या उतारावर नारिंगी रेघ दिसली. आमच्यापर्यंत ती आली नाही. पहाटे वारा पडला आणि विझली. पण ती रात्र मी गच्चीवर बागेचा पाइप हातात धरून काढली, आणि पाइपाला दाब असा की समोरची कुंडीसुद्धा धड भिजत नव्हती.

आता वसाहतीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, कुंपणापासून शंभर मीटरची झाडं साफ करा. दुसरा म्हणतो, एका फांदीला जरी हात लावलात तर याद राखा. दोन्हींकडे काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण बोट ठेवता येत नाही. जाणकारांनी लिहावं. आणि आग खरंच आली तर घर राखायला थांबायचं की निघायचं, यावरही लिहा.

कौलारू

दोन्ही तट रानाकडे बघतायत. जरा वळून घराकडे बघा.

वणवा म्हटला की ज्वाळांची भिंत चाल करून येताना दिसते आणि तीच घर गिळते असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी हेच तपासून पाहिलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य प्रदेशात मुद्दाम जंगल पेटवून प्रयोग झाले. आग पार शेंड्यांपर्यंत चढलेली, आणि तिच्यासमोर १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंती उभ्या केलेल्या. १० मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या. २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. शेंड्यांची आग एका जागी मिनिटभर धडधडते आणि पुढे सरकते, तेवढ्या वेळात लांबच्या लाकडाला पेटण्याइतकी धग लागत नाही.

मग घरं जळतात कशाने? बहुतेक वेळा वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी. जळती साल, पानं, काटक्या मुख्य आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. २००९ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात जे वणवे लागले, त्यांत तीस किलोमीटरहून पुढे नव्या आगी सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. तुमचं शंभर मीटरचं मैदान त्यापुढे काय करणार?

कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाचे २०१८ च्या आगीनंतरचे फोटो शोधून बघा. घराच्या जागी राख, दोन पायऱ्या आणि उभं धुराडं. आणि त्याच अंगणात पाइनचं झाड, हिरवंगार. झाडाने घर पेटवलं असतं तर झाड आधी गेलं असतं.

चकमक

कौलारू, हे वाचून लोक गवतसुद्धा कापायचे नाहीत, म्हणून थोडं पाणी घालतो.

ऑस्ट्रेलियात शिकवतात तो ठोकताळा असा: चढ दर दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर ओणवी होते आणि ते आधीच भाजून ठेवते. तेव्हा धागाकर्त्याचं घर उताराच्या पायथ्याशी आहे की माथ्यावर, यावर बरंच अवलंबून आहे. माथ्यावर असेल तर खालच्या बाजूचं गवत आणि झुडपं यांचा विचार करावाच लागेल.

आणि शिडी मोडायची. गवतावरून आग झुडपावर, झुडपावरून लोंबणाऱ्या खालच्या फांदीवर, तिथून शेंड्यावर. यातली मधली पायरी काढली, म्हणजे झुडपं विरळ केली आणि खालच्या फांद्या छाटल्या, तर झाड राहतं आणि आग जमिनीवरच राहते. जमिनीवरच्या आगीशी माणूस दोन हात करू शकतो, शेंड्यांवरच्या आगीशी नाही. अख्खं झाड तोडलंत तर तिथे ऊन पोचतं, गवत माजतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच वाळून उभं राहतं.

कौलारू

मान्य. माझा मुद्दा क्रमाचा होता. आधी घर, मग अंगण, मग रान. लोक नेमके उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, कारण रान दुसऱ्याचं असतं.

अबोली

मी आगीतून गेलेय म्हणून लिहिते. गावाचं नाव देत नाही.

आम्हाला संध्याकाळी निघायला सांगितलं. चार दिवसांनी परत आलो तर घर उभं होतं. दारात मात्र काथ्याचं पायपुसणं होतं, त्याच्या जागी काळा चौकोन. दाराच्या खालच्या कडेला वीतभर उंचीपर्यंत लाकूड कोळशासारखं झालेलं, बोट लावलं तर कुसकरत होतं. मागे राहिलेल्या एका शेजाऱ्याने कुंपणावरून उडी मारून बादलीभर पाणी ओतलं होतं, म्हणून आम्हाला घर आहे. आसपासची झाडं जशीच्या तशी. एका पायपुसण्याने दोन पिढ्यांचं घर जाणार होतं.

त्यानंतर आम्हाला एकाने सांगितलेली गोष्ट मी सगळ्यांना सांगते. जोराचा वारा सुटेल त्या दिवशी घराभोवती फिरा आणि पाचोळा कुठे साठतो ते बघा. पायरीच्या कोपऱ्यात, कुंपण भिंतीला मिळतं तिथे, वळचणीखाली, पन्हळीत. वारा पाचोळा जिथे आणून टाकतो तिथेच निखारे आणून टाकतो. म्हणजे पेटणारी वस्तू आणि पेटवणारी वस्तू एकाच कोपऱ्यात.

कॅलिफोर्नियात भिंतीपासूनच्या पहिल्या पाच फुटांना, म्हणजे साधारण दीड मीटरला, 'झोन झिरो' म्हणतात. तिथे पेटेल असं काही नको: झुडूप नको, लाकडाच्या मोळ्या नकोत, सालींचं आच्छादन नको. खडी, फरशी, उघडी माती चालेल. त्यासाठी २०२० मध्ये कायदाही झाला, पण नियम ठरवताना वर्षानुवर्षं भांडणं. लोकांना भिंतीलगतची फुलझाडं सोडवत नाहीत. मलाही नाही सोडवली. खिडकीखालची जाई काढताना मी रडले आहे.

शंकासुर

भिंती विटांच्या आणि छत सिमेंटचं असेल तर हे सगळं लागू आहे का? आमचं घर पेटेल असं त्यात काय आहे?

कौलारू

शंकासुर, भिंत पेटत नाही, पण घराला भोकं किती आहेत ते मोजलंत का? पोटमाळ्याचे झरोके, एक्झॉस्टचं तोंड, गॅरेजच्या दाराखालची फट. निखारा आत गेला की पडदा, गादी, पुठ्ठ्याचे खोके त्याची वाटच बघत असतात. घर मग आतून पेटतं आणि बाहेरच्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक संशोधन संस्था साउथ कॅरोलायनात आहे. तिथे १०५ पंख्यांची भिंत आहे आणि तिच्यासमोर पूर्ण आकाराचं घर उभं करून त्यावर निखाऱ्यांचा मारा करतात. पन्हळीतला पाचोळा, झरोके, भिंतीलगतचं आच्छादन, सगळं तिथे पेटवून पाहिलेलं आहे. झरोक्यांना साधारण ३ मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक धातूची जाळी लावा. प्लास्टिकची नको, वितळते. डासांसाठी लावलेली असते ती बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचीच असते.

आणि काचा. धगीने काच तडकून पडली की अख्खी खिडकी म्हणजे एक भोक. दुहेरी काच, त्यातही कडक केलेली, बराच जास्त वेळ टिकते.

मनमौजी

छतावर पाण्याचे फवारे बसवले की प्रश्न मिटला. आमच्या भावाने बसवलेत.

निवृत्त बंबवाला

मनमौजी, फवारे वाईट नाहीत, पण प्रश्न मिटत नाही. असल्या वाऱ्यात फवाऱ्याचं पाणी शेजारच्याच्या अंगणात जातं. वीज गेली की पंप बंद. आणि वीज जातेच, बरेचदा मुद्दाम बंद करतात.

नळाच्या पाण्याचंही ऐका. शहराची जलवाहिनी एका वेळी एखाद-दोन इमारती विझवायच्या हिशेबाने बांधलेली असते. पाचशे घरं एकदम पेटली की तो हिशेब संपला. शिवाय जळून कोसळलेल्या प्रत्येक घराचा नळ तुटतो आणि तिथून पाणी वाहत राहतं, दाब आणखी पडतो. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात जानेवारी २०२५ मध्ये उंचावरच्या टाक्या रिकाम्या झाल्या आणि चढावरचे हायड्रंट, म्हणजे रस्त्यावरचे बंबांसाठीचे नळ, कोरडे पडले, ते सगळ्या जगाने पाहिलं. धागाकर्त्याच्या पाइपाला दाब नव्हता, त्यात त्यांच्या नळाचा दोष नाही.

(अवांतर: दाब पडला की जळालेल्या भागातला धूर आणि वितळलेल्या प्लास्टिकमधली रसायनं पाइपात शिरतात. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझाला आणि नंतर पॅराडाइजला नळाच्या पाण्यात बेन्झिन सापडलं होतं. घर वाचलेल्यांनाही कितीतरी दिवस ते पाणी वापरता आलं नाही.)

मला लिहायचं होतं ते वेगळंच. विझलेल्या आगीबद्दल.

नोकरीत असताना ज्वाळेची भीती कधी वाटली नाही, ती दिसते. भीती वाटायची ती "विझली, चला" या शब्दांची. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर १९ ऑक्टोबर १९९१ ला गवताची छोटी आग लागली, विझवली. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि तीच आग उठली. २५ माणसं गेली. कोलोरॅडोत बोल्डरजवळ ३० डिसेंबर २०२१ ला हजारावर घरं जळाली. तिथल्या तपासात निघालेलं एक कारण असं: सहा दिवसांपूर्वी मातीत पुरलेले निखारे वाऱ्याने उघडे पडले. हवाईतल्या लाहैनाला ८ ऑगस्ट २०२३ ला सकाळची आग आटोक्यात आणली होती, दुपारी तीच पुन्हा पेटली आणि १०२ माणसं गेली. पॅलिसेड्सची आगही १ जानेवारीला विझवलेल्या आगीतून धुमसत राहिली होती, असं तपासयंत्रणांचं म्हणणं आहे.

चारही ठिकाणी आग लपून बसली, वाऱ्याची वाट बघत. मुळांमधून ती दिवसेंदिवस जाते, वर धूरही दिसत नाही. आम्ही हातमोजा काढून हाताची मागची बाजू राखेजवळ धरत फिरायचो. ऊब लागली की खणायचं, पाणी ओतायचं, चिखल कालवायचा, पुन्हा हात धरायचा. कंटाळवाणं काम आहे. नवीन पोरं टाळायची.

धागाकर्त्याला विचारतो: त्या रात्रीची आग पहाटे विझली म्हणता. दुसऱ्या दिवशी तिथे कोणी गेलं होतं का?

रानकाठ

नाही. कोणीच नाही. आम्ही सगळे झोपलो.

सायली_मन

मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. रानाच्या इतक्या कुशीत घरं बांधायचीच कशाला? अमेरिकेत १९९० ते २०१० या वीस वर्षांत अशी रानाला खेटलेली घरं ३ कोटी ८ लाखांवरून ४ कोटी ३४ लाखांवर गेली. आणि आग लावतो कोण? १९९२ ते २०१२ मधल्या तिथल्या वणव्यांपैकी ८४ टक्के माणसाने सुरू केलेले. वीज पडून लागलेले फक्त उरलेले. आपण रानात राहायला जातो, आपणच आग नेतो, आणि मग रानाला नावं ठेवतो.

चकमक

सायली, आकडे बरोबर, पण जे राहतायत त्यांना "येऊच नका" सांगून काय होणार? शिवाय रानापासून लांब राहिलं की सुटलो, हेही खरं नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात सँटा रोझात आग सहापदरी महामार्ग ओलांडून कॉफी पार्क नावाच्या सपाटीवरच्या वस्तीत शिरली. आगीचा धोका असलेल्या भागांच्या अधिकृत नकाशात ती वस्तीच नव्हती. हजारावर घरं गेली. बोल्डरची २०२१ ची आग तर जंगलातली नव्हतीच, वाळलेल्या गवतातून ती थेट घरांच्या रांगांत घुसली. महिना डिसेंबर. दुसऱ्या दिवशी तिथे बर्फ पडला.

अशा वस्तीत एकदा पहिलं घर पेटलं की रानाचा संबंध संपतो. झाड मिनिटभर जळतं, घर तासन्‌तास जळतं. शेजारचं घर आठ-दहा फुटांवर असेल तर तुमची पन्हळ साफ असून काय उपयोग? लाकडी कुंपण हा दोन घरांमधला वातीसारखा दुवा, हे बोल्डरला स्पष्ट दिसलं. निदान भिंतीला टेकणारा कुंपणाचा शेवटचा तुकडा तरी धातूचा करा. तुमचा वणवा तुमच्या शेजाऱ्याच्या हातात असतो, आणि त्याचा तुमच्या.

मनमौजी

शेजारी ऐकत नसेल तर?

अबोली

माझा शेजारी बादली घेऊन आला होता, मनमौजी. आधीची पाच वर्षं आम्ही पार्किंगवरून बोलत नव्हतो. भांडण चालू ठेवा, पण फोन नंबर असू द्या.

निवृत्त बंबवाला

थांबायचं की निघायचं, हे राहिलं.

ऑस्ट्रेलियात पूर्वी सांगत: तयारी करून थांबा आणि घर राखा, नाहीतर लवकर निघा. २००९ मध्ये व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली, त्यांतली ११३ घरांत. चौकशी आयोग बसला, सल्ला बदलला. सर्वांत वरच्या धोक्याच्या दिवसासाठी वेगळी श्रेणी केली. त्या दिवशी आग लागलेली नसतानाच निघायचं, आदल्या रात्री किंवा सकाळी.

पण उशिरा निघणं हे थांबण्याहून वाईट असू शकतं. पोर्तुगालमध्ये जून २०१७ च्या पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसं गेली, त्यांतली ४७ एकाच रस्त्यावर, बहुतेक गाड्यांत. ग्रीसमधल्या 'माती' नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात जुलै २०१८ मध्ये लोक समुद्राकडे धावले. बंगल्यांची कुंपणं, अरुंद गल्ल्या, खाली कडा. समुद्रापासून थोड्याच अंतरावर एका आवारात २६ जण एकत्र सापडले. एकूण १०४ गेले. पॅराडाइजला तर विभागवार बाहेर काढायची योजना आधीपासून कागदावर होती, पण ती एका वेळी काही विभागच रिकामे करायचे या गृहीतकावर. त्या सकाळी अख्खं गाव एकदम रस्त्यावर आलं. ८५ माणसं गेली.

म्हणून माझं ऐकाल तर "बघू, जवळ आली की निघू" हा तिसरा पर्याय मनातून काढून टाका. धूर दिसला, वारा तुमच्याकडे आहे, तर निघा. खिडक्या बंद, गॅस बंद, पायपुसणं आत, बाहेरच्या गाद्या आत, आणि निघा. गाडीचं तोंड आधीच रस्त्याकडे करून ठेवलेलं असावं. दुसरी वाट एकदा तरी दिवसाउजेडी, मग एकदा अंधारात चालवून बघा. धुरात दुपारीही दिवे लावावे लागतात.

पोर्तुगालने त्यानंतर गावागावांत एक माणूस नेमायला सुरुवात केली. कोण म्हातारं आहे, कोणाकडे गाडी नाही, कोणाला ऐकू येत नाही, हे त्याला माहीत असायचं. सगळे जमायची जागाही आधीच ठरलेली. बंबापेक्षा मला ही योजना जास्त आवडते.

शंकासुर

भोंग्यावर विसंबावं का? आमच्याकडे खांबावर बसवलेत.

चकमक

लाहैनात भोंगे होते. वाजवले नाहीत. वीज आणि मोबाइलचे टॉवरही गेलेले. भोंगा वाजला तर उत्तमच, पण तुमचं निघणं त्यावर टांगू नका.

रानकाठ

उशिरा लिहितोय, माफ करा. काल संध्याकाळी वारा सुटला होता, म्हणून अबोलीताईंनी सांगितलेली फेरी मारली. कागदाचे दोन कपटे कापून वाऱ्यावर सोडले आणि त्यांच्यामागे गेलो. बायको दारातून हसत होती.

समोरच्या पायरीशी काही नाही. मागच्या बाजूला, मी ज्या गच्चीवर पाइप धरून उभा होतो तिच्या बरोबर खाली, जिन्याच्या पोटात पाचोळ्याचा ढीग निघाला. हात घातला तर कोपरापर्यंत गेला. त्यात टीव्हीचं जुनं खोकं, पोराची मोडकी प्लास्टिकची मोटार आणि रंगाचे दोन डबे. वर मी पाणी घेऊन पहाऱ्याला, आणि खाली हे.

पन्हळीत एक रोप उगवलंय. वीतभर. चक्क दोन पानं फुटलेली.

तिसरा ढीग माझ्या आणि शेजाऱ्यांच्या मधल्या कुंपणाला लागून, त्यांच्या बाजूने. तिथे त्यांनी सरपण रचून ठेवलंय. धीर करून बेल वाजवली आणि सगळं सांगितलं. कोहेन, पंखे, पायपुसणं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग अंगणात येऊन माझ्या छताकडे बोट दाखवत म्हणाले, "आधी ते झाड काढा."

उद्या रविवार आहे. शिडी त्यांची, हात माझे, असं ठरलंय. सरपणाचं नंतर बघू म्हणतात. बंबवाले काका, त्या उतारावर जाऊन राख बघायला आता फार उशीर झालाय का?

निवृत्त बंबवाला

पाऊस होऊन गेलाय, त्या राखेत आता काही उरलं नसेल. पण शिडी घेऊन चढण्याआधी तिचे पाय धरायला शेजाऱ्यांना खाली उभं करा. पडलेल्या माणसांना उचलायलाही मी बराच गेलोय.